सोलापुरात फिरायला जायचे, म्हणजे कोणाकडे जायचे?

कसब्यातली लेक | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार. २८ वर्षे पुण्यात नोकरी केल्यानंतर मागच्या वर्षी आम्ही दोघे सोलापुरात कायमचे राहायला आलो. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता आणि त्याने पहिल्याच दिवशी विचारले, "आत्या, इथे फिरायला काय काय आहे?" मी सिद्धेश्वराचे देऊळ, त्याच्या शेजारचा भुईकोट किल्ला, संभाजी तलाव, महापालिकेची इंद्रभुवन इमारत, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक अशी नावे भराभर सांगितली. दोन दिवसांत ती सगळी पाहून झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तयार होऊन माझ्यासमोर उभा राहिला. तेव्हा मला जाणवले, की माझ्या लहानपणी आमच्या घरात 'फिरायला जाणे' असे कोणी म्हणतच नसे. अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, "साखर पेठेत जाऊन येऊ," "लष्करात जाऊन येऊ," "रेल्वे लाइनला जाऊन येऊ," आणि शहरातल्या भागांच्या या प्रत्येक नावामागे एक घर असे, त्या घरातली माणसे असत. देऊळ, तलाव, मंडई हे सगळे त्या घराच्या वाटेवर लागत असे.

उत्तर कसब्यात आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर होते. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत दोन्हींची सरमिसळ चाले. रविवारी सकाळी अव्वा उखळात शेंगाचटणी कांडायला बसे. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरे आणि मीठ एवढेच साहित्य. पण दाण्याचे तेल सुटून चटणी बोटांना चिकटू लागेपर्यंत ती मुसळ खाली ठेवत नसे. मिक्सरमधल्या चटणीला तो तेलकट मऊपणा का येत नाही, हे मला फार उशिरा उमगले. पाते दाणा कापते आणि मुसळ दाणा चेचते. चेचले, की आतले तेल बाहेर येते. ती चटणी अव्वाचे नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यात भरली जाई आणि ऊन उतरले, की आम्ही मधल्या मारुतीवरून, कन्ना चौकातून चालत साखर पेठेत तिच्या मैत्रिणीकडे जात असू. त्या मावशींची मातृभाषा तेलुगू, अव्वाची कन्नड, आणि दोघींची ४० वर्षांची मैत्री मराठीतून झाली. राग आला, की मात्र दोघी आपापल्या भाषेत बोलत आणि तरीही एकमेकींना सगळे समजत असे.

येतो म्हणून आधी निरोप द्यायची पद्धत नव्हती. दार उघडेच असे आणि आत पाऊल टाकताच पहिली विचारपूस जेवणाची होई. आमच्याकडे कोणी आले, तर अव्वा चपला काढण्याआधीच "ऊट आयता?" असे विचारत असे. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेलेला असे, म्हणून संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडून ठेवायचे, रात्री त्यावर चादरी अंथरायच्या आणि पाहुणे तिथेच झोपायचे, हे ठरलेले होते. कोण कोणाच्या शेजारी झोपणार, यावरून आम्हा मुलांची भांडणे होत, आणि आज मला त्या भांडणांचीही आठवण प्रिय वाटते.

मागच्या वर्षभरात आपण स्वतः कितीजणांच्या घरी गेलो, हे मी या आठवड्यात मोजून पाहिले. लग्न, वास्तुशांत आणि आजारपण ही कारणे वगळली, तर ३ घरे निघाली. ज्या शहरात मी वाढले, त्या शहरात मी केवळ तीन घरी सहज गेले, याचे मला मनापासून वाईट वाटले.

म्हणून हा धागा काढते आहे. सोलापुरात आपण सहज म्हणून कोणाकडे जाता, कोणत्या वाटेने जाता, जाताना हातात काय नेता आणि तिथे काय खाता, हे कृपया सविस्तर लिहावे. मोठे प्रसंग नकोत. रोजच्या घरातले, रोजच्या वाटेवरचे लिहावे.


मागावरचा | रविवार, सकाळी ११:१५

ताई, आपण साखर पेठेचे नाव घेतले आणि मला लिहिल्यावाचून राहवले नाही. आमचे घर पूर्व भागात आहे. खाली माग आणि वर राहणे. आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी ४ यंत्रमाग घातले. ज्यांनी मागाचे घर आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नाही. धोट्याची ये-जा, फणीचा ठोका आणि नक्षी पाडणाऱ्या जेकार्डची खडखड यांत आवाज पूर्ण बुडून जातो. त्यामुळे आलेल्या माणसाशी बोलायचे, तर माग थांबवावा लागतो, आणि आमच्याकडे मजुरी नगावर मोजली जात असल्यामुळे थांबलेल्या मागाचा हिशेब प्रत्येकाला ठाऊक असतो. व्यापारी आला, तर वडील एक माग थांबवत. नातेवाईक आला, तर दोन थांबत. लहानपणी त्यांच्याबरोबर गोट्या खेळलेले एक मित्र लष्कर भागातून सायकलवर येत; ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, की चारही माग थांबत आणि संपूर्ण घरात एकाएकी जी शांतता पसरे, तिच्यावरूनच वर स्वयंपाकघरात आईला समजे, की चहा ठेवायचा आहे आणि कोणासाठी ठेवायचा आहे.

आमची चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. एका बाजूला जो रंग नक्षीचा, तो दुसऱ्या बाजूला पार्श्वभूमीचा असतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान आहेच, परंतु घरात तिचे महत्त्व वेगळे होते. नव्या नक्षीचा पहिला नग विकायचा नाही, तो घरी ठेवायचा आणि पाहुणा आला की त्याला अंथरायचा, असा आजोबांचा नियम होता. अशा १९ चादरी आजही आमच्या पेटीत आहेत.

सहलीबद्दल विचाराल, तर आईची सहल वर्षातून एकदा ठरलेली होती. भाद्रपद अमावास्येला आमच्याकडे बतुकम्मा (तेलुगू बायकांचा फुलांचा सण) सुरू होते आणि तिच्यासाठी तरवडाची पिवळी फुले लागतात. ती बाजारात विकत घेण्याची आईला आवड नव्हती. गल्लीतल्या पाच-सहा बायका पहाटे उठून गावाबाहेरच्या माळावर जात, ओच्यात फुले भरून घेत आणि येताना एकीच्या मोकळ्या झालेल्या माहेरच्या घराच्या ओट्यावर बसून बरोबर नेलेला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खात. त्या घरात तेव्हा कोणीही राहत नव्हते, तरीही त्या तिथे जात असत. संध्याकाळी थरांवर थर रचून फुलांचा डेरा तयार होई आणि त्याच्याभोवती फेर धरणाऱ्यांत मराठी घरांतल्या बायकाही असत, ज्यांना गाण्याचे शब्द येत नसत, पण टाळी मात्र अचूक पडत असे.


जुळे सोलापूर | रविवार, दुपारी ३:३०

दोन्ही लेखन आवडले, तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. न कळवता येणाऱ्या पाहुण्यांचा आनंद ज्यांना बैठकीत बसून घेता आला, त्यांच्याच आठवणी अशा गोड असतात. माझ्या सासरी माणसे सतत येत आणि त्या काळात मी बैठकीत बसलेली मला आठवत नाही. नळाला पाणी ठरावीक दिवसांनी येते. पाण्याच्या दिवशी हंडे, पिंपे, टाकी भरून, जमिनी पुसून उसंत मिळते न मिळते तोच दारात चौघे उभे राहत आणि पुन्हा पीठ मळायला घ्यावे लागे. आता मी नोकरी करते, मुलांच्या परीक्षा असतात, आणि आधी फोन केल्याशिवाय कोणी येऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. यात माणुसकी कमी झाली असे मी मानत नाही.

परंतु एकमेकांकडे जाणे आम्ही सोडलेले नाही. आम्ही ४ कुटुंबे महिन्यातून एका शनिवारी रात्री एकेकाच्या गच्चीवर जमतो. प्रत्येकाने आपापल्या घरचा एक पदार्थ डब्यातून आणायचा. भाकरी कोणी थापायची नाही; तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांकडून आधीच आणून ठेवलेल्या असतात आणि त्या महिनाभर टिकत असल्यामुळे घाई नसते. त्या चुरून त्यावर आमटी किंवा दही घालायचे, बाजूला शेंगाचटणी घ्यायची. ज्यांची गच्ची, त्यांनी फक्त पाणी, चादरी आणि ताटे पुरवायची. भांडी पुरुषांनी घासायची, हा नियम पहिल्याच शनिवारी ठरला आणि आजवर मोडलेला नाही. त्यामुळे आम्ही चौघीही शेवटपर्यंत बसून बोलतो. लग्नाला १६ वर्षे झाल्यावर मला समजले, की माझी समोरची शेजारीण किती सुंदर भजने म्हणते.


कसब्यातली लेक | रविवार, रात्री ९:०५

जुळे सोलापूर ताई, आपले म्हणणे वाचून मी बराच वेळ काहीही लिहू शकले नाही. आपण म्हणता ते आमच्याही घरात तसेच होते. माळवदावरची रात्र मी वर्णन केली, पण त्या रात्री अव्वा कुठे होती हे आठवू लागले, तेव्हा ती मला चुलीपुढेच दिसली. सर्वांची अंथरुणे घालून झाल्यावर ती वर येत असे आणि तोवर आम्ही झोपलेले असू.

तिला मोकळेपणाने बसायला मिळे ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सातही नंदीध्वज निघतात आणि पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच ध्वज तोलत ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात. ती मिरवणूक आमच्या घरावरून जात असे. यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या, दिवशी दार उघडले, की ते होम, शोभेचे दारूकाम आणि समारोपाची कप्पडकळी होईपर्यंत बंद होत नसे. साखर पेठेच्या मावशी भोगीला सकाळीच येत. भोगीची भाजी आणि बाजरीच्या भाकऱ्या दोघी मिळून लवकर उरकत आणि नंतर संमती कट्ट्याकडे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला जात. कन्नडमधली संमती, म्हणजे लग्नाची वचने, वाचली जाते आणि "सत्यम्‌ सत्यम्‌, दिड्डम्‌ दिड्डम्‌" हे शब्द आले, की हजारो हात एकाच वेळी वर जातात. गर्दीत आम्हाला काही दिसत नसे, फक्त डोक्यावर अक्षता पडल्या की लग्न लागले असे समजायचे. परत आल्यावर दोघी ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत. त्या दिवशी अव्वाला आत कोणी हाक मारलेली मला आठवत नाही.

म्हणून माझ्या मूळ प्रश्नात दुरुस्ती करते. कोणाकडे जाता हे लिहाच, परंतु त्या घरातल्या बाईला बसायला मिळते का, हेही लिहावे.


मंगळवेढ्याचे रान | सोमवार, सकाळी ७:२०

आमच्याकडे आधी बोलावल्याशिवाय येऊन चालतच नाही, असा एक पाहुणचार आहे आणि तो म्हणजे हुरडा. आमच्या काळ्या रानात ज्वारी पावसाळा सरताना पेरतात आणि ती मुरलेल्या ओलीवर वाढते. कणसातला दाणा दूध सोडून मऊसर भरला, पण अजून टणक झाला नाही, असे मोजके दिवस असतात. आज बोलावले आणि पाहुणे पंधरा दिवसांनी आले, तर त्यांना हुरडा मिळत नाही, ज्वारी मिळते. मालदांडी ज्वारीचा हुरडाही लागतो चांगला, पण खास हुरड्यासाठी आम्ही बांधाच्या कडेने गूळभेंडी आणि सुरती या जातींचे चार तास, म्हणजे ओळी, पेरून ठेवतो. ते विकण्यासाठी नसतात. कोण कोण येणार याचा अंदाज पेरतानाच केलेला असतो.

जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची आणि धूर जाऊन निखारा झाला, की कणसे खोचायची. भाजलेले कणीस गरम असतानाच हातावर चोळावे लागते. थंड झाले, की दाणे कोंड्यातून सुटत नाहीत. चोळून फुंकर मारली, की हिरवे दाणे उरतात. बरोबर शेंगाचटणी, गूळ, दही, रेवड्या आणि बांधावरची बोरे. हे सगळे काम आगटीभोवतीच चालत असल्यामुळे कोणाला आत स्वयंपाकघरात जावे लागत नाही, आणि भाजणे व चोळणे हे आमच्याकडे पुरुषांचेच काम आहे. ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर समजावे.

अलीकडे पैसे भरून हुरडा खाण्याची सोय बऱ्याच ठिकाणी झाली आहे. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, हे चांगलेच आहे. मात्र मला वाटते, की ज्याने तुमच्या नावाचा तास पेरला, त्याच्या रानात बसून खाल्लेल्या हुरड्याची चव वेगळी असते. माझे एक वर्गमित्र दरवर्षी सोलापुरातून येतात. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे ते येऊ शकले नाहीत, तेव्हा मी ओली कणसे पोत्यात घालून पहाटेच्या एसटीने त्यांच्या घरी गेलो आणि आम्ही ती गच्चीवर शेगडीत भाजली. शेजारचे तीन मजले वास घेत वर आले.


हुतात्माचा प्रवासी | सोमवार, दुपारी १:१०

मी पुण्यात असतो. संध्याकाळी पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री सोलापुरात पोहोचते आणि स्थानकाबाहेर माझा शाळेतला मित्र उभा असतो. त्याला मी कितीही वेळा सांगितले, की मी रिक्षाने येईन, तरी तो येतोच. आम्ही सरळ घरी जात नाही. पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गाडी थांबवून पाच मिनिटे उभे राहतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्यांच्याच स्मरणार्थ नाव ठेवलेल्या गाडीने आपण घरी येतो, याची जाणीव आम्हाला शाळेत एका गुरुजींनी करून दिली होती आणि तेव्हापासून हा क्रम चुकलेला नाही. घरी वहिनी झोपलेल्या असतात. ताट झाकून ठेवलेले असते आणि आम्ही दोघे स्वयंपाकघरातच जमिनीवर बसून जेवतो.


शाळामास्तर | सोमवार, रात्री ८:४५

आम्ही दोन शिक्षक कुटुंबे थंडीत हत्तरसंग कुडलला जातो. सोलापूरपासून अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावर जुनी मंदिरे आहेत आणि त्यांपैकी संगमेश्वराच्या मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला लेख कोरलेला आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातले शेवटचे वाक्य मराठीत आहे, "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो वाचील तो विजयी होईल. पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती आणि नुकतीच जोडाक्षरे वाचू लागली होती. माझ्या मित्राने तिला खांद्यावर बसवून तुळईखाली उभे राहून एकेका अक्षरावर बोट फिरवले. ती अक्षरे आजच्यासारखी नसल्यामुळे तिला एकही ओळखता आले नाही. मग त्याने वाक्य म्हणून दाखवले आणि तिने ते पाठ केले. हरिहरेश्वराच्या मंदिरातले ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग पाहताना तिने मुखे मोजायला सुरुवात केली आणि आम्ही सर्वजण तिच्यासाठी थांबलो. ती ८० पर्यंत पोहोचली.

जेवण नदीकाठी करतो. धपाटे, दही आणि शेंगापोळ्या आदल्या रात्री दोन्ही घरांत वाटून केलेल्या असतात. ताईंच्या प्रश्नावर विचार केला, तेव्हा लक्षात आले, की आदल्या रात्रीचे ते काम आजवर दोघींनीच केले आहे. या वर्षी धपाटे मी थापीन, असे घरी सांगितले आहे.


कसब्यातली लेक | पुढचा रविवार, रात्री १०:१५

आज मी साखर पेठेत जाऊन आले. सकाळी फोन करून विचारले, "मावशी, संध्याकाळी येऊ का? स्वयंपाक करायचा नाही, मी घेऊन येते." मावशी आता ८० च्या पुढे आहेत, त्यांना ऐकू कमी येते, म्हणून तेच वाक्य मी तीन वेळा सांगितले. भाचा पुन्हा आला आहे, त्याला बरोबर घेतले. उखळ माझ्याकडे नाही, ते शेजारच्या आज्जींकडून मागून आणले आणि चटणी दोघांनी आळीपाळीने कांडली. त्याच्या तळहाताला फोड आला, तरी त्याने मुसळ सोडली नाही. आम्ही जुन्याच वाटेने, मधल्या मारुतीवरून चालत गेलो.

त्यांच्या घरातला माग केव्हाच गेला आहे आणि त्या जागी नातसून शिवणकाम करते. तीही आमच्याबरोबर खाली बसली. कडक भाकरी मावशींना आता चावत नाही, म्हणून ती दह्यात भिजवून दिली. चटणी चाखून त्यांनी लसूण कमी पडल्याचे सांगितले आणि ते खरे होते.

निघताना मावशी आत गेल्या आणि फडताळातून एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यावर अव्वाचे नाव होते. अव्वा गेल्याला १२ वर्षे झाली, म्हणजे तो त्याआधीच कधीतरी तिथे राहिला असणार. त्या इतकी वर्षे त्यात मेथी ठेवत होत्या. मेथी दुसऱ्या डब्यात ओतून, पुसून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी तो तसाच परत दिला आणि आणलेली चटणी त्यात भरली. माझा रिकामा डबा घेऊन आम्ही घरी आलो. पुढच्या महिन्यात जुळे सोलापूर ताईंच्या गच्चीवर येण्याची इच्छा आहे. कडक भाकऱ्या किती आणायच्या, ते कळवावे.